प्रार्थना नेमकी कुणाकडे करायची?

पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं असून देव एकच, ही ख्रिस्ती शिकवण द्यायला बसताना पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण आधी बाजूला ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्याचा सण, त्यानंतरचा रविवार हा त्रैक्याचा सण. तो जवळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात हे उदाहरण हमखास निघतं. पाणी गोठलं की बर्फ, तापलं की वाफ, तसा एकच देव तीन रूपांत. ऐकायला सोपं असतं, मुलं माना डोलावतात, शिकवणाऱ्यालाही हायसं वाटतं. पण पुढे हीच मुलं शुभवर्तमान वाचायला लागतात आणि येशूने अटकेआधी जिथे प्रार्थना केली त्या गेथसेमनी बागेपाशी अडखळतात. त्या रात्री येशू ‘अब्बा, बापा’ अशी हाक कुणाला मारत होता? देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा असं रूप बदलत असेल, तर ती हाक ऐकायला तिथे कुणी नव्हतंच. हा विचार तिसऱ्या शतकात साबेल्लियसच्या नावाने ओळखला गेला आणि चर्चने तो नाकारला. तो खरा मानला तर येशूची प्रार्थना म्हणजे निव्वळ देखावा ठरतो, आणि ज्याची प्रार्थना देखावा आहे त्याच्यामागे मी जाणार नाही.

आपल्याकडे काही जण बेलाचं पान घेतात. एक पान, तीन दळं. तेही मला पटत नाही, कारण त्यातलं एक दळ म्हणजे पानाचा तिसरा हिस्सा. पुत्र हा देवाचा तिसरा हिस्सा नाही. ख्रिस्ताच्या ठायी देवत्वाची सर्व पूर्णता मूर्तिमान वसते, असं पौलाने कलस्सैकरांना लिहिलं आहे. सर्व पूर्णता. देवाची वाटणी होत नाही.

मग शिकवायचं कसं? माझं उत्तर असं आहे की आपली माणसं जी प्रार्थना रोज करतात तिथून सुरुवात करावी. त्रैक्य त्यांच्या तोंडी आधीपासून आहे, ते हाताने करतात त्या क्रूसाच्या खुणेत आहे. आपण फक्त त्यांचं लक्ष तिकडे वळवायचं.

मी मूळची आजऱ्याची. तिकडे आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागात पूर्वी गोव्यातून वर आलेली ख्रिस्ती घराणी आहेत, त्यांतलंच आमचं एक. घरात कोकणी बोलायचो, शाळा मराठी, लिहिणं-वाचणं मराठी. लग्न होऊन उत्तर गोव्यातल्या बार्देशात आले आणि प्राथमिक शाळेत मराठी शिकवू लागले. इथल्या चर्चमध्ये सगळं कोकणीतून. ते मी मनापासून शिकले, आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मांयने, मला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बाजूला बसवून शिकवला. पण गोव्यात कामाला आलेले पुष्कळ ख्रिस्ती असे आहेत ज्यांची प्रार्थनेची भाषा मराठीच आहे. गवंडी, नर्स, हॉटेलातले स्वयंपाकी, ड्रायव्हर. कोल्हापूरकडचे कॅथलिक, मिरजेकडचे प्रॉटेस्टंट, दोन्ही. रविवारी दुपारी म्हापशात आम्ही थोडे जण एकत्र बसतो. बायबल वाचतो, चहा होतो, आणि प्रश्न निघतात.

त्रैक्याबद्दल निघालेल्या प्रश्नांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मिरजेच्या एका नर्सने विचारलेला. रात्रपाळी करून थेट आली होती. म्हणाली, “बाई, पेशंट सिरियस झाला की माझी मनात प्रार्थना सुरू होते. पण मधेच अडकायला होतं. पित्याला म्हणू, येशूला म्हणू, का आत्म्याला? एकाचं नाव घेतलं तर बाकीचे दोघं…” आणि तिने वाक्य तिथेच सोडलं.

पुस्तकांत त्रैक्याची चर्चा तीन म्हणजे एक कसं, या गणितापासून सुरू होते. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांना ते गणित फारसं छळत नाही. त्यांना छळतं ते हे: मी हाक मारते ती नेमकी कुणाला, आणि ऐकणारा कोण?

तिला मी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढायला सांगितला. कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, पण आत्मा स्वतः शब्दांत न येणाऱ्या उसाशांनी आपल्यासाठी विनंती करतो. मग गलतीकरांस पत्रातलं ते वाक्य: देवाने आपल्या पुत्राचा आत्मा आपल्या अंतःकरणात पाठवला आहे, आणि तो ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. आता वॉर्डातली ती रात्र डोळ्यांपुढे आणा. तू पित्याला हाक मारतेस. ती हाक मारायचा हक्क तुला पुत्राने दिला, कारण तो त्याचाच बाप, त्याने तुला आपली बहीण केलं म्हणून तो तुझाही बाप झाला. आणि हाक मारायला बळ देणारा आत्मा तुझ्या आतच आहे. म्हणजे तू ज्या देवाकडे प्रार्थना करतेस तोच देव तुझ्या शेजारी उभा राहून तुला पुढे नेतो, आणि तोच तुझ्या आतून बोलतो. प्रार्थना सुरू होते त्याआधीच तू पिता, पुत्र आणि आत्मा यांच्यामध्ये येऊन उभी राहिलेली असतेस.

पित्याकडे, पुत्राच्या द्वारे, आत्म्यामध्ये. मिस्सातल्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या, बहुतेक प्रार्थना याच वाटेने जातात. त्यांचा शेवट नीट ऐकला की कळतं. पण वाट आहे म्हणून इतर हाका बंद नाहीत. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याच्यावर दगड पडत होते तेव्हा तो ‘प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर’ म्हणाला. पेंटेकॉस्टला आपण पवित्र आत्म्याला ‘ये’ म्हणून बोलावतो. यात कुणी मागे पडत नाही, कुणाला डावललं जात नाही, कारण तिघांत चढाओढ नाही. ‘ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे,’ असं येशू आपल्या शिष्याला, फिलिप्पाला, म्हणाला. येशूचं नाव घेतलंस की पिता ऐकतोच.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे अडकायचं कारण नाही.” नाही, खरंच नाही.

आता लादिनेबद्दल सांगते. गोव्याबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. इथे वाड्यावाड्यावर रस्त्याकडेला खुरीस, म्हणजे क्रूस, असतो, आणि विशेषतः मे महिन्यात लोक त्याच्यापुढे जमून लादिन म्हणतात, म्हणजे येशूची आई मरिया हिची लितानी, ओळीओळीने हाक आणि उत्तर अशी आळवणी, तीही लॅटिनमधून. दुपारी खुरसाला चुना लागतो, रोजां फुलांच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात. वायोलिनवाला आधी सूर लावतो. एक जण ओळ उचलतो, बाकीचे दोन-तीन आवाजांत उत्तर देतात. शेवटी कागदाच्या पुड्यांतून उकडलेले चणे, त्यांत खोबऱ्याच्या कातळ्या, आणि मोठ्यांना पेलाभर काहीतरी. आमच्या वाड्यावर ओळ उचलणारे जे म्हातारे आहेत त्यांना लॅटिन येत नाही, पण त्यांची एक ओळ कधी चुकलेली मी ऐकली नाही.

लादिन मरियेची, पण मरियेचं नाव यायच्या आधी चार ओळी येतात. ‘पातेर दे चेलिस देउस.’ स्वर्गातील पित्या, देवा. ‘फिली रेदेंप्तोर मुंदी देउस.’ जगाच्या तारणाऱ्या पुत्रा, देवा. ‘स्पिरितुस सांक्ते देउस.’ पवित्र आत्म्या, देवा. प्रत्येक ओळीला सगळे मिळून ‘मिजेरेरे नोबिस’ म्हणतात, आम्हांवर दया कर. आणि चौथी ओळ: ‘सांक्ता त्रिनितास उनुस देउस.’ पवित्र त्रैक्या, एकाच देवा. पुन्हा तीच दयेची याचना.

माझ्या मते साध्या माणसाला शिकवायला याहून चांगला धडा नाही. पित्याला देव म्हटलं, पुत्राला देव म्हटलं, आत्म्याला देव म्हटलं, आणि लगेच एकच देव म्हटलं. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, म्हणून तीन निराळ्या हाका. देव एकच, म्हणून चौथी ओळ. आणि दया मागताना सूर बदलत नाही: पित्याकडे जास्त, आत्म्याकडे कमी असं काही नाही. गटाला मी या चार ओळी फळ्यावर लिहून दिल्या, खाली मराठीतून अर्थ. वर्षानुवर्षं लादिनेला उभे राहणारे एक स्वयंपाकी मामा म्हणाले, “हे आम्ही म्हणत होतो?” त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो माझ्या वर्गात क्वचित पाहायला मिळतो.

हे केवळ आपल्या खेड्यांतलं आहे असं समजू नका. त्रैक्याचा सिद्धांत ठरला तोही असाच, लोक आधी प्रार्थना करत होते, आणि त्या प्रार्थनेचा अर्थ जपण्यासाठी पुढे शब्द शोधावे लागले. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियातला आरियस नावाचा धर्मगुरू शिकवू लागला की पुत्र हा देवाने निर्माण केलेला, सर्वांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेलाच. तो नव्हता असा काळ होता. लोकांना पाठ व्हावं म्हणून आपली शिकवण त्याने गाण्यांत बांधली होती. वरवर पाहता त्याचा हेतू वाईट नव्हता, एका देवाचं एकपण त्याला राखायचं होतं. पण त्याचा परिणाम पाहा. येशू देव नसेल, तर क्रूसावर आपल्यासाठी आला तो देवाचा एक निरोप्या. देव स्वतः दूरच राहिला. अलेक्झांड्रियाचा पुढे बिशप झालेल्या अथानासियसने आयुष्यभर हेच सांगितलं, आणि त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा हद्दपारी भोगावी लागली. ३२५ साली निकेया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, धर्मसभा भरली आणि पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असं ठरलं. रविवारी आपण श्रद्धांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, ‘प्रकाशापासून प्रकाश, सत्य देवापासून सत्य देव’ म्हणतो ते तिथलं.

पुढे बासिलवर पाळी आली. कैसरियाचा हा बिशप मोठा पंडित होता, पण त्याच्यावरचा आरोप प्रार्थनेसंबंधी होता. महिमा म्हणताना तो कधी ‘पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यामध्ये’ असं म्हणे, तर कधी ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’. आत्म्याला पित्याच्या बरोबरीने बसवतोस काय, म्हणून लोक त्याच्यावर उठले. ३७५ च्या सुमारास त्याने पवित्र आत्म्यावर एक ग्रंथ लिहून उत्तर दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जसा आपला बाप्तिस्मा झाला तसा आपण विश्वास धरतो, आणि जसा विश्वास धरतो तसा महिमा गातो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. मग महिमा गाताना आत्म्याला कसा वगळू? ३७९ साली तो वारला. दोन वर्षांनी, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेत, आत्मा पिता व पुत्र यांच्याबरोबर आराधिला व गौरविला जातो, ही शिकवण पक्की झाली.

बासिलचा धाकटा भाऊ, निसाचा ग्रेगरी, याने कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातली तक्रार नोंदवून ठेवली आहे: मोड मागितली तर दुकानदार जनित (जन्मलेला पुत्र) आणि अजनित (न जन्मलेला पिता) यांवर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारला तर पिता मोठा आणि पुत्र लहान असं ऐकवतात. ग्रेगरीला त्याचा वैताग होता. मला मात्र वाचताना म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवतो आणि वाटतं, आज इथे सॉसेज आणि सुकी मासळी विकणाऱ्या बायका या विषयावर बोलत असत्या तर मला आवडलं असतं. देवाविषयी बोलायला बाजारातली माणसं नालायक आहेत असं कुणी ठरवलं?

गटात एक गवंडीकाम करणारे काका येतात, चंदगडकडचे. त्यांचा तरुण मुलगा गेला. त्यानंतर पुष्कळ दिवस ते आले तरी गप्प बसत. एकदा म्हणाले, “बाई, येशूबद्दल मला काय शंका नाय. त्यो आपला हाय. पर बापाची भीती वाटते. त्यानंच न्हेलं न्हवं?”

त्रैक्य नीट न शिकवल्याचं सर्वांत मोठं नुकसान मला इथे दिसतं. आपल्या कित्येक माणसांच्या मनात दोन देव आहेत. एक वर बसलेला, पांढऱ्या दाढीचा, हिशेब ठेवणारा आणि रागावणारा. दुसरा मवाळ, मधे पडून मार खाणारा आणि आपल्याला वाचवणारा. मग आपण येशूच्या आडोशाला लपतो आणि पित्यापासून लांब राहतो. वधस्तंभाचं वर्णन करताना कधी कधी आम्ही शिकवणारेच हे चित्र पक्कं करतो.

शुभवर्तमान याच्या अगदी उलट सांगतं. देवाने जगावर एवढी प्रीती केली की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला. म्हणजे प्रीतीची सुरुवात पित्यापासून आहे. पुत्र म्हणतो, पित्याला जे करताना मी पाहतो तेच मी करतो. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला, तेव्हा पिता कोरड्या डोळ्यांनी पाहत होता असं मानायला जागा उरत नाही. काकांना मी योहानाच्या सोळाव्या अध्यायातलं एक वाक्य दाखवलं. शेवटच्या रात्री येशू शिष्यांना सांगतो: मी तुमच्यासाठी पित्याजवळ विनंती करीन असं मी म्हणत नाही, कारण पिता स्वतः तुमच्यावर प्रीती करतो. स्वतः. त्याचं मन वळवावं लागत नाही. काकांनी ते बोट ठेवून वाचलं, मग माझी पेन्सिल मागून घेतली आणि त्याखाली रेघ ओढली. मुलगा का गेला याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, मी दिलंही नाही. पण ज्याची भीती वाटते तो आणि ज्याला आपला म्हणता तो, हे दोघं एका मनाचे आहेत, एवढं मी त्यांना खात्रीने सांगू शकले. त्रैक्याचा सिद्धांत नसता तर मला तेही सांगता आलं नसतं.

शाळेतल्या माझ्या सहकारी वहिनी दत्तभक्त आहेत, गुरुवार धरतात. त्यांनी एकदा डबा खाताना विचारलं, “तुमचं ते आमच्या दत्तगुरूंसारखंच ना? ब्रह्मा-विष्णू-महेश एकत्र?” प्रश्न आपुलकीचा होता आणि मीही आपुलकीनेच उत्तर दिलं. त्यांच्या श्रद्धेवर बोलायचा मला अधिकार नाही. आमच्याबद्दल एवढं सांगितलं की पित्याने निर्माण करायचं, पुत्राने तारायचं, आत्म्याने सांभाळायचं, अशी कामाची वाटणी आम्ही मानत नाही. निर्मितीत तिघंही आहेत, तारणात तिघंही आहेत. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आणि पित्याची वाणी: ‘हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे.’ एकच काम, आणि त्यात तिघंही. दुसरं सांगितलं ते असं की जग नव्हतं तेव्हाही पिता पुत्रावर प्रीती करत होता. देव प्रीती आहे, असं आम्ही म्हणतो, ते तेव्हापासून खरं आहे. प्रीती करायला देवाला जग निर्माण होण्याची वाट पाहावी लागली नाही. वहिनी म्हणाल्या, “हे छान आहे.” मलाही ते फार छान वाटतं, आणि विचारलं नसतं तर मी ते इतक्या सरळ शब्दांत मांडलं नसतं.

दारावर पत्रकं घेऊन येणारे काही जण सांगतात की ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये नाही. नाहीच. लॅटिनमध्ये तो तेर्तुल्लियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने रूढ केला. पण मत्तयाच्या शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या ही आज्ञा आहे, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या शेवटी त्या तिघांचा आशीर्वाद आहे. यावर मी फार वेळ घालवत नाही.

वेळ घालवते ते दुसऱ्या एका सवयीवर. त्रैक्याच्या रविवारी प्रवचनात अनेकदा संत आगुस्तीनची गोष्ट येते. समुद्रकाठी एक मूल वाळूत खड्डा करून शिंपल्याने समुद्र त्यात भरतंय. आगुस्तीन म्हणतो हे कसं जमेल, मूल म्हणतं मग देवाचं रहस्य तुझ्या डोक्यात कसं मावेल? गोष्ट सुंदर आहे. देवापुढे नम्र राहावं हे खरंच. पण ती आगुस्तीनच्या स्वतःच्या लिखाणात नाही, फार नंतरची दंतकथा आहे. आणि तिचा उपयोग लोकांना गप्प करायला होतो तेव्हा मला वाईट वाटतं. समजणार नाही, विचारू नका, विश्वास ठेवा. खुद्द आगुस्तीनने काय केलं? कित्येक वर्षं खपून त्रैक्यावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला. रहस्य मावत नाही म्हणून तो किनाऱ्यावरून परत गेला नाही.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्याबद्दलच्या शंका त्यांनी मनात दाबून ठेवल्या नाहीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा त्यावर लांबलचक पत्रव्यवहार झाला. चर्च म्हणतं म्हणून मानायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. बायबलमध्ये स्वतः वाचून पटेल तेच त्या मानणार होत्या. जेराल्डीनबाईंना त्याचा त्रास झाला. पण याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि मूळ हिब्रू व ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. आमच्या गटातल्या मुली शंका विचारायला लाजतात तेव्हा मी त्यांना रमाबाईंचं नाव सांगते.

गोव्यात हा प्रश्न मराठीतून हाताळणारा पहिला मोठा माणूस म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली हा इंग्रज जेझुइट (येशूसंघी धर्मगुरू) गोव्यात आला, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. अक्षरं रोमन, भाषा मराठी, ओव्या सुमारे अकरा हजार. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकायची सवय होती, ती त्याने ओळखली. आरंभी पिता, पुत्र आणि आत्मा यांना वंदन, आणि मग उत्पत्तीपासून गोष्ट. आधी नमस्कार, मग कथा. शिकवायचा हा क्रम मला आजही बरोबर वाटतो, आणि आमच्या गटात मी तोच पाळते.

आत्म्याबद्दल मात्र अजून पुष्कळ काम आहे. पिता आणि पुत्र लोकांना कळतात, कारण घरात ती नाती आहेत. आत्मा म्हटलं की कुणाला वारा वाटतो, कुणाला शक्ती, कुणाला अंगात येणं. मी इफिसकरांस पत्रातलं एक वाक्य देते: देवाच्या पवित्र आत्म्याला खिन्न करू नका. वाऱ्याला कुणी खिन्न करू शकत नाही. ज्याला दुःख होतं तो कुणीतरी आहे, त्याला मन आहे, तो आपल्याला ओळखतो. यावर गटात जी चर्चा झाली ती मोठी आहे, पुढच्या लेखात लिहीन.

यंदाच्या त्रैक्याच्या रविवारी संध्याकाळी आम्ही थिवीला एकांच्या भाड्याच्या खोलीवर लादिन म्हणायचं ठरवलं आहे. पाऊस असणारच, म्हणून खुरसाकडे न जाता घरातच. ओळ उचलायचं काम चंदगडच्या काकांनी मागून घेतलंय आणि ते पाठांतर करतायत. सगळ्यांसाठी मी लादिन देवनागरीत लिहून काढली आहे, प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थ, आणि पहिल्या चार ओळी ठळक. सिंधुदुर्गात, कोल्हापुरात किंवा इथेच कुणी मराठीतून धर्मशिक्षण देत असेल आणि ती वही हवी असेल तर खाली कळवा, मी पाठवीन.